बिनसाखरेचा गोड चहा

यांटिना विर्सेमाशी वाद घालायचा नाही, हे ओस्टरवीर्ड गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. घातलाच तर तो हरायचा, आणि हरणाऱ्याची शोभा पुढच्या महिन्याच्या गावपत्रिकेत व्हायची. नाव न घेता, पण साऱ्या गावाला कळेल अशी. पत्रिकेच्या शेवटच्या पानावर तिचं सदर असे, 'खरं का खोटं?' गाजर खाऊन अंधारात दिसायला लागतं का? ओल्या केसांनी सायकलवर बसलं की सर्दी होते का? साखर खाऊन पोरं चेकाळतात का? बाई आधी गमतीगमतीत गोष्ट सांगायची, मग पुरावा मांडायची आणि शेवटी एका शब्दात निकाल द्यायची. बहुतेक वेळा 'खोटं'. 'खरं' लिहायची पाळी आली की तिची जरा निराशाच व्हायची.

हा नाद तिला म्हातारपणी लागला. त्याआधी तीसेक वर्षं ती शेजारच्या गावच्या तलावात पोरांना पोहायला शिकवत होती. गळ्यात शिट्टी, हातात लांब आकडीची काठी आणि आवाज असा, की बांधापलीकडच्या समुद्रातले सीलसुद्धा रांगेत पोहत असतील. ओस्टरवीर्डमधली निम्मी माणसं पाण्यात बुडत नाहीत ती तिच्या कृपेनं. तिचा एक कडक नियम होता: खाऊन तासभर पाण्यात उतरायचं नाही. पोटात पाव असला की पायात गोळे येतात आणि माणूस दगडासारखा तळाला जातो. मधल्या सुट्टीत चोरून पाव खाल्लेली कितीतरी पोरं कुडकुडत बाकावर बसून राहिली. आणि निवृत्त झाल्यावर एक दिवस तिनं वर्तमानपत्रात वाचलं, की या नियमाला कसला म्हणजे कसलाच आधार नाही. बाई ताडकन उठली.

"म्हणजे मी इतकी वर्षं पोरांना उगाच बसवून ठेवलं?"

"तेवढीच विश्रांती मिळाली त्यांना तुझ्यापासून," वोब्बे म्हणाला.

वोब्बे म्हणजे तिचा नवरा. शेतांतलं पाणी उपसून समुद्रात टाकणाऱ्या पंपघरावर त्यानं जन्म काढला. तिथं दिवसभर यंत्रच बोलायचं, त्यामुळे बोलणं हे आपलं काम नव्हे अशी त्याची समजूत झाली होती. इकडची, ग्रोनिंगन प्रांतातली माणसं मुळातच मोजकं बोलतात. वोब्बे त्यांच्यातही काटकसरी. आठवड्याची वाक्यं रविवारीच ठरवून ठेवत असावा असं लोक म्हणत. पण बायकोवर त्याचा जीव होता, आणि तिच्या आवाजाची त्याला तशीच सवय झाली होती जशी पंपाच्या आवाजाची.

तर त्या दिवशी यांटिनानं ठरवलं: तपासल्याशिवाय काही मानायचं नाही. कुणी सांगितलं, आईनं सांगितलं, डब्यावर लिहिलंय, हे तिच्यापुढं चालेनासं झालं. शेजारीण डिना हे तिचं हक्काचं गिऱ्हाईक. डिनाच्या मनगटात सांधेदुखीसाठी तांब्याचं कडं, सकाळी उपाशीपोटी सफरचंदाचं व्हिनेगर, दुपारी सेलरीचा रस, आणि ओट्यावर गोळ्यांच्या बाटल्या इतक्या, की भांडी घासायला जागा नाही.

"तुझी लघवी अख्ख्या प्रांतात सगळ्यात महाग असेल, डिना," यांटिना म्हणायची. "सगळी जीवनसत्त्वं तिकडंच जातात."

"जाऊ देत. नैसर्गिक आहे ना? अपाय तर नाही!"

"नैसर्गिक! विषारी अळंबी काय कारखान्यात होते?"

डिना हसायची आणि व्हिनेगर प्यायची. डिनाला वाद जिंकायचा नसायचाच. ती सुखी होती, आणि नेमकी हीच गोष्ट यांटिनाला खुपायची.

गेल्या ऑक्टोबरात वोब्बेचा रक्तदाब वाढलेला निघाला. गावच्या डॉक्टरांनी नेहमीचंच सांगितलं. मीठ कमी, चालणं जास्त, रोज एक गोळी. दुसऱ्या एखाद्या बाईनं मान डोलावली असती आणि घरी जाऊन बटाट्यांवर थोडं कमी मीठ टाकलं असतं. यांटिनानं मोहीमच उघडली. मिठाचा डबा माळ्यावर गेला. चीजचा काप इतका पातळ कापला जाऊ लागला, की त्यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यावं. खारवलेली हेरिंग मासळी बंद. धुरावलेलं सॉसेज बंद. कॉफीतले साखरेचे दोन खडे बंद, मग कॉफीही बंद. आणि शेवटी बाईचा हात वोब्बेच्या कोटाच्या खिशात गेला, जिथं खारट ड्रॉपचा डबा असायचा.

आता ड्रॉप, म्हणजे ज्येष्ठमधाच्या या काळ्या चिवट गोळ्या, आमच्या गावात कुणी 'खात' नाही. त्या नुसत्या तोंडात असतात. दिवसभरात काय खाल्लं असं विचारलं तर माणूस पाव सांगेल, बटाटे सांगेल, शेजारणीकडचं बिस्किटही सांगेल. ड्रॉप सांगणार नाही. श्वास घेतला, हे कुणी सांगतं का? पण यांटिना पक्की. तिनं शोधून काढलं, की ड्रॉपनं रक्तदाब वाढतो. मथळा वाचला, पहिल्या चार ओळी वाचल्या आणि पुढचं मनानंच लिहून टाकलं. खारट ड्रॉप म्हणजे मीठ, मीठ म्हणजे रक्तदाब. दोन आणि दोन चार. त्यात आणखी वाचायचं काय?

डबा कचऱ्यात गेला. पण नवऱ्याला तोंडात काहीतरी गोड हवं, आणि साखर तर नको. मग तिला सुचला ज्येष्ठमध. ती लहान असताना शाळेच्या वाटेवर आईनं तिच्या हातात ज्येष्ठमधाची काडी द्यावी, आईच्या हातात आजीनं दिलेली असावी. चावत चावत शाळेत जायचं, दुपारपर्यंत तिचा केसाळ ब्रश व्हायचा. ना साखर, ना मीठ, नुसतं मूळ. ते काय तपासायचं? जे दुधाच्या दातांनी चावलं त्याच्यावर संशय घ्यायचा, तर मग आईवरच घ्यावा लागेल. एवढी सगळ्या गावाला तपासणारी बाई, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मूठभर काड्या ठेचायच्या, किटलीत टाकायच्या आणि पाणी पिवळंजर्द होईपर्यंत उकळायचं. संध्याकाळी किटली टेबलावर यायची आणि यांटिना वोब्बेच्या समोर बसायची, त्यानं टाकून देऊ नये म्हणून. तो एकेक कप संपवायचा. ती त्याला त्या दिवशी काय काय वाचलं ते सांगायची. किटली रिकामी झाल्यावर मगच उठायची.

नोव्हेंबरच्या सदरात तिनं कृतीसकट लिहिलं. खारट ड्रॉप वाईट, त्याऐवजी ज्येष्ठमधाचा चहा, बिनसाखरेचा आणि तरी गोड, रक्तदाबवाल्यांना उत्तम. आणि खाली ठळक अक्षरांत, 'खरं'.

हिवाळाभर वोब्बेचा रक्तदाब वाढत गेला.

यंत्राचा पट्टा दंडाला बांधून यांटिना आकडा बघायची आणि मग नवऱ्याकडं बघायची. "काय खाल्लंस?"

"तू दिलंस ते."

"आणि मासेवाल्याकडं?"

"नाही गेलो."

"यंत्र खोटं बोलतंय का मग?"

वोब्बे गप्प. गप्प माणसाचं हेच वाईट, त्याची बाजू कुणालाच कळत नाही. ती त्याचे खिसे उलटे करून बघायला लागली. एकदा तर चालायला म्हणून बांधावर गेलेल्या नवऱ्याच्या मागं अंतर ठेवून सायकलवर गेली. तो बिचारा कठड्याशी उभा राहून पिंढऱ्या चोळत होता. चोरून खाल्ल्यानं गोळे येताहेत, असा तिनं निष्कर्ष काढला. डॉक्टरांनी गोळी बदलली. शरीरातलं पाणी लघवीवाटे काढणारी दिली. वोब्बे आणखीच दमल्यासारखा दिसायला लागला. जिना चढताना मध्ये थांबायचा. यांटिनाला त्याची दया आली, आणि तिनं चहा जरा जास्त वेळ उकळायला सुरुवात केली.

मार्चमध्ये डिनाचा वाढदिवस होता. बैठकीच्या खोलीत भिंतीला लावून खुर्च्यांचं रिंगण. येणाऱ्यानं प्रत्येकाचा हात हातात घेऊन अभिनंदन करायचं, डिनाचं, तिच्या बहिणीचं, शेजाऱ्यांचंही, जणू वाढदिवस सगळ्यांचाच आहे. मग बसायचं ते उठायचं नाही. कॉफी, केकचा एक तुकडा, त्यानंतर मोहरी लावलेले चीजचे चौकोन. वोब्बेचा हात चीजकडं जायला लागला की समोरून यांटिना नुसती खाकरायची. तिनं थर्मासमधून त्याच्यासाठी चहा आणला होता. तो पीत बसला होता.

निघायची वेळ झाली. सगळे उठले. वोब्बे उठला नाही.

"चल," यांटिना म्हणाली.

वोब्बेनं खुर्चीच्या हातांवर जोर दिला. खांदे वर आले, कंबर आली नाही. पुन्हा जोर दिला. चेहरा लाल झाला.

"अगं बाई, वोब्बे!" डिना हसत म्हणाली. "माझ्या घरची जिन तू कधी एवढी ढोसलीस?"

रिंगणात हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, यांटिनाच्या थर्मासात काय होतं ते हुंगून बघा. यांटिनालाही हसू आलं. मग वोब्बेनं तिच्याकडं पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे डोळे तिनं आधी पाहिले नव्हते. तलावात मात्र पाहिले होते. पाय तळाला लागत नाही हे कळलं, की पोरांचे होतात ते.

"पाय नाहीत," वोब्बे म्हणाला. "यांटिना, मला पायच नाहीत."

हशा जागच्या जागी थांबला. डिनाच्या हातातली केकची बशी तशीच राहिली. यांटिना गुडघ्यांवर बसली, त्याच्या मांड्या दाबल्या, पोटऱ्या चिमटल्या. त्याला चिमटे कळत होते, पण पाय उचलवत नव्हता. तिला शिट्टी वाजवून साऱ्या जगाला पाण्याबाहेर काढावंसं वाटलं. रुग्णवाहिका येईपर्यंत ती त्याचे पाय दोन्ही हातांनी धरून बसली होती, सोडले तर तेही निघून जातील अशा भीतीनं.

शहरातल्या रुग्णालयात वोब्बेच्या छातीला तारा लावल्या. डॉक्टर क्नोल नावाची उंच, हळू बोलणारी तरुण बाई रक्ताचा अहवाल घेऊन आली.

"पोटॅशियम फारच खाली गेलंय," ती म्हणाली. "स्नायूंना ते लागतं, म्हणून पाय गेले. हृदयही स्नायूच आहे. त्याचे ठोके चुकताहेत."

"वाचेल ना?" यांटिनानं विचारलं. पुरावा नाही, आकडा नाही, नुसतं एवढंच.

"शिरेतून देतोय. आणखी उशीर झाला असता, तर मात्र काही सांगता आलं नसतं. आता कारण शोधायचंय. या गोळीनं थोडं कमी होतं, पण इतकं नाही. काय खातात हे?"

या प्रश्नाची तर यांटिना वाटच बघत होती. मीठ नाही, साखर नाही, सॉसेज नाही, चीज पाहुण्यासारखं. तिनं घडाघडा सांगितलं, आणि त्या अवस्थेतही तिच्या आवाजात थोडा ताठा आलाच.

"ड्रॉप?" डॉक्टरनं विचारलं.

"छे! ते मी ऑक्टोबरातच बंद केलं. मला कळतं तेवढं."

"उत्तम," डॉक्टर म्हणाली आणि जायला वळली.

"चहा सांग की," पलंगावरून वोब्बे म्हणाला.

"चहाचं काय सांगायचं त्यात? ज्येष्ठमधाचा तर आहे."

डॉक्टर थांबली. परत आली आणि खुर्ची ओढून बसली. डॉक्टर बसली की घाबरावं, हे यांटिनाला ठाऊक होतं.

"किती पितात?"

"किटलीभर. रोज. अहो, बिनसाखरेचा आहे. अगदी नैसर्गिक..."

तो शब्द तोंडातून बाहेर पडला आणि तिनं तो स्वतःच्या कानांनी ऐकला. डिनाचा शब्द.

"ड्रॉपमधलं मीठ हा मुख्य गुन्हेगार नाहीच," डॉक्टर म्हणाली. "बहुतेकांना तसंच वाटतं. त्रास होतो तो त्यातल्या ज्येष्ठमधाचा. त्याचा जो गोडवा असतो ना, तो मूत्रपिंडाला फसवतो. शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर फेकतं. रक्तदाब चढतो, ताकद जाते."

"पण मीठ तर मी बंद केलं होतं!"

"हो. आणि ज्येष्ठमध सुरू केलात."

डोळ्यांसमोर हिवाळ्याच्या सगळ्या संध्याकाळी येऊन उभ्या राहिल्या. तिनं ठेचलेल्या काड्या, तिनं भरलेले कप, जिन्यात थांबलेला नवरा, त्याच्यासाठी आणखी उकळलेला चहा. आणि त्याच्या खिशांत ती शोधत होती हेरिंग!

"मी विष पाजत होते त्याला," ती म्हणाली.

"विष म्हणू नका. कधीतरी एखादा कप घेतला तर बहुतेकांना काही होत नाही. पण रोज किटलीभर, त्यात हे वय, हा रक्तदाब आणि वर ही गोळी. ते झेपलं नाही. आता बंद केलंत की हळूहळू उतरेल. काही आठवडे लागतील."

डॉक्टर गेली. यांटिना पलंगाच्या कडेला बसली. रडणं तिला येत नव्हतं; तलावावरच्या बाईला पाण्याचं काय कौतुक, असं ती नेहमी म्हणायची.

"कसा लागायचा रे तो?" तिनं विचारलं.

"चहा?" वोब्बेनं छताकडं बघत विचार केला. "भयंकर. जुनं लाकूड चोखल्यासारखा."

"मग प्यायलास कशाला? एकदा तरी नाही म्हणायचंस! मेला असतास तू!"

"तू समोर बसायचीस," वोब्बे म्हणाला. "किटली संपली की उठून जायचीस. म्हणून मी कधीकधी दुसरीही मागायचो."

तलाव, समित्या, सदर. संध्याकाळी नवऱ्यासमोर नुसतं बसलं, असं याआधी कधी झालं होतं, हे तिला आठवेना. जी संध्याकाळ त्याला हवी होती त्याच संध्याकाळी ती त्याला मारत होती. ती त्याचा हात धरून बसली. नर्स येऊन तारा तपासून गेली.

मग घशाला कोरड पडली म्हणून ती बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी गेली, कप हातात घेतला आणि तिला एकदम आठवलं. नोव्हेंबरची पत्रिका! कृतीसकट. रक्तदाबवाल्यांना उत्तम. गावातल्या प्रत्येक दारातून आत पडलेली.

पुढची पत्रिका निघायला दिवस होते. यांटिना थांबली नाही. वोब्बेचे पाय दोन-चार दिवसांत परत आले, तो काठी घेऊन बांधापर्यंत जायला लागला, त्याच आठवड्यात तिनं गावच्या सभागृहात लोकांना बोलावलं.

"नको जाऊस अशी सगळ्यांपुढं," डिना म्हणाली. आज तिच्या हातात व्हिनेगरचा पेला नव्हता. "फोन करून सांगू या एकेकाला. मी करते. लोक फाडून खातील तुला. इतक्या जणांना तू फाडलंयस."

"म्हणूनच."

सभागृह भरलं. कॉफी आली, कपाबरोबर एकेक बिस्किट आणि डबा लगेच बंद, रीतीप्रमाणं. वोब्बे मागच्या रांगेत बसला होता. यांटिना पुढं मंचावर उभी राहिली आणि तिनं सांगितलं. खारट ड्रॉपमधल्या मिठाची तिची समजूत चुकीची होती. दोष ज्येष्ठमधाचा. ज्याला रक्तदाब आहे, ज्याचं हृदय दुबळं आहे, त्यानं तो चहा आजपासून घेऊ नये आणि उद्या डॉक्टरांकडं जावं.

मग बेकरीवाला म्हणाला, "म्हणजे गेल्या वर्षी खरं, या वर्षी खोटं? पुढच्या वर्षी काय सोडायचं, पाणी?"

लोक हसले. दुसरा कुणी म्हणाला, माझा आजा जन्मभर ज्येष्ठमध चावायचा, नव्वदीत गेला. कोपऱ्यातून एक बाई म्हणाली, मुळानं काय होणार, झाडाचं तर आहे. यांटिना ऐकतच राहिली. ही सगळी वाक्यं तिनं हजारदा खोडली होती, आणि आता ती तिच्याच चहाच्या बचावाला उभी होती. खोट्याचा बचाव इतका सोपा असतो? खोटं एकदा तिनं ठळक अक्षरांत छापलं, आणि आता ते तिच्याही हातून मरेना.

मग तिनं तलावावरचा आवाज लावला.

"वोब्बे मरत होता! मी मारत होते, माझ्या हातानं, रोज संध्याकाळी! माझ्यावर हसायचं ते मागाहून हसा. आधी घरी जाऊन त्या काड्या फेका!"

हशा विरला. खिडक्यांची तावदानं वाऱ्यानं वाजत होती. तिसऱ्या रांगेतला रूलॉफ बोल्हाउस हळूच उभा राहिला. आयुष्यभर बीटाची शेती केलेला, मोठ्या हातांचा म्हातारा. त्याची बायको खेसिना फेब्रुवारीत झोपेतच गेली होती. तिचं हृदय कित्येक वर्षं दुबळंच होतं, म्हणून कुणाला फार आश्चर्य वाटलं नव्हतं. रूलॉफच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. गावात अजून कुणी तिथं बसत नसे.

"खेसिना घ्यायची तो," रूलॉफ म्हणाला. "तुझं वाचूनच."

यांटिनानं त्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं.

"करून मी द्यायचो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तो ऐकवत नव्हता. "शेवटी शेवटी तिला जिना चढवेना. पाय गेलेत म्हणायची. मी म्हटलं, ताकद येईल. जरा जास्तच उकळायला लागलो."

सभागृहात कुणी कप खाली ठेवेना. यांटिना दोष आपल्या डोक्यावर घ्यायला आली होती, तसं ठरवूनच आली होती. आणि तो तिच्या डोळ्यांदेखत या म्हाताऱ्याच्या डोक्यावर जाऊन पडत होता.

"त्यानंच गेली का ती, यांटिना? तू खरं सांगतेस म्हणून विचारतो."

नाही म्हण, असं सगळं सभागृह तिला डोळ्यांनी सांगत होतं. डिना तर मान हलवून हलवून सांगत होती. एक शब्द, तोही तिच्या सवयीचा. जन्मात पहिल्यांदा तिला खोटं बोलावंसं वाटलं, अगदी जिवापासून वाटलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "तिचं हृदय आधीच थकलं होतं. त्यानं झालं असेल, नसेलही. आता कुणालाच सांगता येणार नाही. पण तो करायला मी सांगितलं होतं, रूलॉफ. तू नाही. मी सांगितलं होतं."

रूलॉफनं मान हलवली. त्याला पटलं की नाही ते कळलं नाही. तो टोपी हातात फिरवत तसाच उभा राहिला.

"मीही घेतो," तो म्हणाला.

"काय?"

"तो चहा. ती गेल्यापासून. तिच्याच कपातून. आत्ता येतानाही घेऊन आलो."

डिनानं तोंडावर हात ठेवला. बेकरीवाल्यानं खाली पाहिलं. यांटिना दोन पावलं पुढं आली, आणि तिच्या आवाजातली शिट्टी गेली होती.

"बंद कर, रूलॉफ. तुला रक्तदाब आहे. पाया पडते तुझ्या, बंद कर. आजपासून."

"करतो," तो शहाण्या मुलासारखा म्हणाला. मग जरा थांबला. "पण मग संध्याकाळी काय करू?"

यांटिनानं तोंड उघडलं. गाजराचं, मिठाचं, साखरेचं, सगळ्याचं तिच्याकडं उत्तर असायचं. ती खाली उतरली, तिसऱ्या रांगेत गेली आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसली.